नाव घातलेली बंदूक

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत जुनी आहे. लग्नात आलेली तांब्या-पितळेची भांडी, पुढे स्टीलचे डबे, पेले, ताटं, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या तारखेला दिलं. कार्य उरकून भांड्यांचा ढीग पडला की त्या अक्षरांवरूनच कुणाचं काय ते ठरतं. पण मैत्रिणींनो, आपण बायका नुसतं नाव वाचून कधी गप्प बसतो का? आजेसासूबाईंच्या रुखवतातला म्हणून कुणी स्टीलचा डबा पुढे केला, आणि त्यावर 'सन १९२५' असं घातलेलं असलं, तर आपण तोंडाला पदर लावून हसूच. त्या काळी आपल्या स्वयंपाकघरांत स्टील होतं कुठे? नाव काय, बोहारणीकडून कालच घेतलेल्या पातेल्यावरही घालता येतं. भांडं आधी, नाव नंतर, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हीच गोष्ट जुन्या बंदुकीलाही लागू पडते असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, या बाईला झालंय तरी काय! लोणची-पापडांच्या पानांत बंदुकीचं काय काम? पण ज्या बंदुकीबद्दल मी लिहिते आहे, तिच्यापायी एका विधवा बाईचा हक्काचा वाटा हातचा जायची वेळ आली होती. तेव्हा जरा धीर धरा आणि पुढे वाचा.

ही बाई माझी मावसबहीण. तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिचं सासर. घराणं फौजी. त्या भागात पलटणीत माणूस गेलेलं घर शोधावं लागत नाही. अपशिंगे गावाला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. ताईच्या यजमानांचे आजोबा पहिल्या महायुद्धात जाऊन आलेले. त्यांच्याही आधीचे कुणी कंपनी सरकारच्या फौजेत होते, असं घरात सांगायचे. माजघराच्या भिंतीवर एक लांबलचक बंदूक टांगलेली. दसऱ्याला तिला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. आल्यागेल्याला सांगायचं, "ही आमच्या खापरपणजोबांची. सत्तावन सालची एनफील्ड रायफल."

दोन वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले. लेक बारावीला. मग वाटणीचा विषय निघाला. बाजारपेठेत दोन गाळे आणि राहतं घर, एवढीच मालमत्ता. दिरांनी सुचवलं ते असं: दोन्ही गाळे त्यांच्याकडे, कारण दुकान तेच चालवतात, ताईला मागच्या दोन खोल्या, आणि ही बंदूक. "वहिनी, आज हिला पाच लाख सहज येतील. परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं तर दहासुद्धा. मुलीचं शिक्षण त्यात होऊन जाईल, आणि घराण्याचा मान तुमच्याकडे राहील तो वेगळाच."

ताईने रात्री मला फोन केला. म्हणाली, "अगं, विकली तर मान कसा राहील, आणि ठेवली तर पैसे कसे येतील? मला काही उमजत नाही. पण नाही म्हटलं तर मीच वाईट दिसणार."

भाऊजी मनाचे वाईट नाहीत, हे आधीच सांगते. त्यांना ते सारं खरंच वाटत होतं. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या कुणीतरी बंदूक पाहून तो आकडा सांगितला होता. लेखी काही दिलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

मी एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. आठवीच्या मुलांना सत्तावनच्या उठावातली ती काडतुसं तोंडपाठ असतात. पण बंदूक हातात घेऊन पारखणं ही काही माझी विद्या नव्हे. ती आमच्या शेजारच्या सुभेदारकाकांची. उभी नोकरी त्यांनी सैन्यात शस्त्रदुरुस्तीत काढली. मी विचारलं तर म्हणाले, "चला बाई. मीही बघतो. जुनी बंदूक बघायला मिळाली की मला बरं वाटतं." रविवारच्या सकाळच्या एस्टीने आम्ही दोघं निघालो. काकांच्या पिशवीत काय होतं? एक विजेरी, एक भिंग, लाकडाची एक लांब सडपातळ काठी आणि मऊ फडकं. बस.

तिथे पोचल्यावर काकांनी बंदुकीवरचं एक अक्षरही वाचलं नाही. आधी त्यांनी मुलांना बाहेर पाठवलं. मग काठी हलकेच नळीत सोडली, ती टेकली तिथे बोटाने खूण धरली आणि बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून पाहिली. ही ठासणीची बंदूक, म्हणजे दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची. काठी पार मागच्या बुडापर्यंत पोचली तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच अडली, तर आत काहीतरी ठासलेलं आहे असं समजायचं आणि हात काढून घ्यायचा. "कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीसुद्धा पेट घेते," काका म्हणाले. भिंतीवरून उतरवून पोरं जिच्याशी खेळतात, ती बंदूक कुणी कधी अशी तपासलेली असते का? ही रिकामी निघाली. अडली असती, तर काका सरळ पोलीस ठाण्यात कळवणार होते.

मग त्यांनी बंदूक दारातल्या उजेडात आडवी ठेवली आणि म्हणाले, "बाई, बंदूक आधी वाचायची नाही. आधी बघायची. खोटं करणाऱ्याची इच्छा असते की तुम्ही आधी वाचावं."

प्रथम त्यांनी दाखवला तो एक स्क्रू. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो, ती पट्टी धरून ठेवणाऱ्या स्क्रूंपैकी एकाच्या डोक्यावर फुली होती. आपल्या मिक्सरच्या बुडाला असतो ना, तसा. हा फुलीचा स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाला. जुन्या बंदुकीच्या स्क्रूला एकच सरळ चीर असते, तीही बारीक. मला वाटलं, झालं, पकडली! पण काकांनी मान हलवली. "एका स्क्रूवरून बंदूक खोटी ठरत नाही. एका ठिगळावरून लुगडं नवं ठरतं का? स्क्रू हरवला असेल, कुणी दुसरा बसवला असेल. लक्षात ठेवायचं आणि पुढे जायचं."

दुसरं, लाकूड. ती लोखंडी पट्टी बसायला लाकडात खोबण कोरलेली असते. कारखान्यातला कारागीर ती पट्टीच्या मापाने अशी कोरतो की कडेला पातळ कागदही जाऊ नये. इथे पुढच्या टोकाशी करंगळीच्या नखाएवढी फट होती आणि ती लाखेत भुसा कालवून भरलेली होती. म्हणजे खोबण एका पट्टीची आणि पट्टी दुसऱ्याच बंदुकीची. नळी लाकडाला धरून ठेवायला लोखंडी कड्या असतात. एनफील्डच्या लांब रायफलीला अशा तीन. इथेही तीन होत्या. पण भिंतीवरची तसबीर हलवली की मागे उजळ चौकोन दिसतो ना, तसे उजळ पट्टे लाकडावर होते, आणि ते कड्यांच्या खाली नव्हतेच, दोन-दोन बोटं सरकलेले. या लाकडाने पूर्वी दुसऱ्याच कड्या आणि दुसरीच नळी वागवली होती.

तिसरं, नळीचं पोट. काकांनी विजेरी धरली आणि मला आत बघायला सांगितलं. १८५३च्या नमुन्याची जी एनफील्ड, तिच्या नळीत आतून पीळ घेत जाणाऱ्या तीन खाचा असतात. 'रायफल' हे नावच या खाचांवरून पडलं. त्यांच्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. ही नळी आतून गुळगुळीत, पाण्याच्या नळासारखी. झिजून खाचा जाव्यात, तर कुठे तरी काही राहिलं असतं.

इथे मला माझा इतिहास आठवला. सत्तावन साली सगळ्या शिपायांच्या हातात एनफील्ड होती, हीच मुळात चुकीची समजूत आहे. ती तेव्हा नुकतीच यायला लागली होती. तिचं शिक्षण द्यायला डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं काढली होती. बहुतेक पलटणींकडे जुन्या गुळगुळीत नळीच्याच बंदुका होत्या. आणि उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं? हिंदी पलटणींसाठी दिसायला एनफील्डसारख्याच, पण मुद्दाम आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. शिपायाची गोळी गोऱ्या सैनिकाच्या गोळीइतकी लांब आणि नेमकी जाऊ नये, एवढा त्यांचा विश्वास! तेव्हा गुळगुळीत नळी म्हणजे खोटी बंदूक, असं नाही. पण 'सत्तावनची एनफील्ड रायफल' तर ती नव्हे.

इतकं झाल्यावर काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आता वाचा."

पट्टीवर घोड्याच्या मागे मुकुट आणि त्याखाली 'व्ही. आर.', म्हणजे व्हिक्टोरिया राणी. पुढे 'टॉवर' आणि '१८५७'. इथवर ठीक. लंडनच्या टॉवरचं नाव, मुकुट आणि साल हे राणीच्या सैन्याच्या बंदुकांवर असंच असायचं. पण त्यांच्या मधोमध मागच्या पायांवर उभा राहिलेला एक सिंह, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच्याही आधी कंपनी आपल्या मालावर बदामाच्या आकाराची खूण करीत असे. राणीचं सैन्य निराळं, कंपनीचं निराळं, दोघांचे माल निराळे. एकाच पट्टीवर दोघांचे ठसे म्हणजे एकाच पातेल्यावर माहेरचं आणि सासरचं नाव एकाच हाताने, एकाच दिवशी घातल्यासारखं. काका हसून म्हणाले, "खोटं करणाऱ्याला आवरतं घेता येत नाही, बाई. त्याला वाटतं, जितके ठसे जास्त तितकी किंमत जास्त."

आणि मग त्यांनी जे दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. लोखंड गंजलं की त्यावर बारीक खड्डे पडतात, देवीच्या व्रणांसारखे. अक्षर जुनं असेल, तर गंज अक्षराच्या वर चढतो. खड्डे अक्षराच्या कडा कुरतडतात. इथे उलटं होतं. खड्डे आधीचे होते आणि अक्षराची रेघ त्यांच्यावरून गेली होती. एका खड्ड्याचा अर्धा भाग 'आर'च्या पायाखाली दबून चपटा झालेला भिंगातून स्वच्छ दिसत होता. शिवाय ठसा मारला की कडेचं लोखंड जरासं वर उचलतं. कारखान्यात त्यानंतर पट्टी घासून गुळगुळीत करतात, म्हणून खऱ्या ठशाच्या कडा सपाट लागतात. इथे बोट फिरवलं तर खरखर लागत होती. गंज आधी आणि ठसा नंतर. पट्टी जुनी असेलही, पण तिच्यावरचं १८५७ पुष्कळ अलीकडचं.

मागचं पितळेचं पायताण मात्र काकांना खरं वाटलं. खांद्याला लागून आणि जमिनीवर टेकून टेकून त्याची खालची कड गोल झाली होती, आणि ती झीज जिथे व्हायला हवी नेमकी तिथेच होती. दरवर्षी दसऱ्याला चिंच-मीठ लावून घासल्याने त्यावर काही खूण असलीच तर ती गेली होती. "तीन बंदुकांची मिळून एक केली आहे," काकांनी सांगितलं. "लाकूड एकीचं, नळी दुसरीची, पट्टी तिसरीची, आणि ठसे कुणाचेच नाहीत."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, असं करणारे लोक असतात तरी कुठे? काकांनी जे सांगितलं, आणि त्यानंतर मी जे वाचून काढलं, ते थोडक्यात सांगते. खोट्या ठशांचं सर्वांत नावाजलेलं गाव आज पाकिस्तानात आहे. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदम खेल. तिथले आफ्रिदी कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला करीत आले. हातात कानस आणि छिन्नी, समोर नमुन्याची खरी रायफल. मुकुट, राजाचं नाव, कारखाना, साल, सगळं त्यांनी उतरवलं. फक्त ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. आपण रांगोळीत एखादी नक्षी बघून काढावी, तशी ती काढलेली. त्यामुळे 'एनफील्ड' या नावातला 'एन' आरशात दिसावा तसा उलटा निघायचा. कधी 'एस' उलटा, कधी स्पेलिंगच चुकलेलं. मुकुटाचा तर पार शेंगदाणा झालेला.

साल हा त्याहून मोठा फितूर. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. मग एडवर्ड राजा, १९१० पासून पाचवा जॉर्ज. म्हणजे 'व्ही. आर.' आणि त्याखाली '१९१९' असं जिथे दिसेल, तिथे पुढे बघायलाच नको. गेलेली राणी अठरा वर्षांनी बंदुकीवर नाव कशी घालेल? ज्या तीनशेतीन रायफलने आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, तिचा मार्क थ्री हा नमुनाच १९०७ साली आला. त्यावर राणीचं नाव शोधणं व्यर्थ. असल्या नकला २००१ नंतर अफगाणिस्तानात आलेल्या परदेशी सैनिकांनीही आठवण म्हणून हौसेने विकत घेतल्या. हौस ठीक, पण ते लोखंड कारखान्यात पारखलेलं नसतं. अशा नळीत काडतूस घालून बघणं म्हणजे जिवाशी खेळ.

मात्र प्रत्येक बदललेला भाग लबाडीचा नसतो, हे काकांनी मला बजावून सांगितलं. बराकपूरजवळच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात तीनशेतीन रायफली बनत. त्यांच्यावर 'इशापूर' नाव आणि राजाच्या नावापुढे 'आय' हे अक्षर, म्हणजे सम्राट. देश प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. इथल्या पुष्कळ जुन्या रायफलींच्या लाकडात पुढच्या बाजूला एक आडवा स्क्रू घातलेला दिसतो. तो लाकूड फुटू नये म्हणून सैन्यानेच घातला. परदेशातले जाणकार तर त्यावरून ही बंदूक हिंदुस्थानातून आली असं ओळखतात. काहींवर 'डी. पी.' अशी अक्षरं असतात, म्हणजे फक्त कवायतीसाठी, गोळी झाडायची नाही. बाणाचं टोक असलं तर सरकारी माल, आणि दोन बाणांची टोकं एकमेकांना भिडलेली असली तर सरकारने सेवेतून काढून विकलेला.

आकड्यांचंही तसंच. रायफलीच्या अंगावर, मागच्या सरकत्या बोल्टवर आणि नळीच्या टोकाच्या टोपणावर एकच क्रमांक असावा लागतो. दुरुस्तीत बोल्ट बदलला, तर पलटणीचा आर्मरर जुन्या आकड्यावर आडवी रेघ मारतो आणि शेजारी नवा घालतो. जुना आकडा वाचता येतो. लबाड माणूस मात्र तो कानशीने घासून टाकतो, म्हणून तिथे लोखंड खोलगट लागतं आणि नवा आकडा त्या खोलगटात बसलेला दिसतो. मला हा फरक फार आवडला. आपणही साडीला रफू करतो तेव्हा ती रफू आहे हे लपवीत नाही. लपवायची वेळ विकताना येते.

आता वाटणीचं. जेवणं झाल्यावर काकांनी भाऊजींना शेजारी बसवलं आणि भिंग त्यांच्या हातात देऊन सगळं त्यांचं त्यांनाच बघायला लावलं. एकदाही 'तुम्ही फसलात' असा शब्द काढला नाही. भाऊजी बराच वेळ त्या 'आर'च्या पायाकडे बघत राहिले. मग मी कायद्याचं बोलले. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू १९७२च्या कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. म्हणजे बंदूक खरी असती तर परदेशी गिऱ्हाईक उपयोगाचं नव्हतं, आणि खोटी असेल तर तो भावच नाही. दोन्हीकडून ते दहा लाख हवेतलेच.

"पण आजोबांची बंदूक..." भाऊजी म्हणाले.

तेव्हा आतून ताईच्या सासूबाई बाहेर आल्या. ऐंशीच्या घरातल्या. इतका वेळ त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "आजोबांची कुणी सांगितली रे तुला? तुझ्या वडिलांनी आणली ती पुण्याहून. मोटारीच्या टपावर घालून आणली. तू तेव्हा पाळण्यात होतास. पितळ चांगलं आहे म्हणाले, भिंतीला शोभेल. पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता सांगता ती आजोबांची झाली."

सगळे गप्प. मग त्या आत गेल्या आणि जुन्या लुगड्याच्या घडीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. काळवंडलेली, रुपयापेक्षा मोठी चांदीची चकती. एका अंगाला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला पुरुष आणि १९१४, १९१८ ही सालं. "हे आजोबांचं. सासूबाईंनी मला दिलं होतं."

काकांनी ते पदक नुसतं हातात घेतलं आणि उभं धरलं. पदकाची कड कुणी वाचत नाही, पण खरा ठसा तिथेच असतो. पहिल्या महायुद्धाच्या या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उठवलेली असते. लढणाऱ्या शिपायाचं पदक चांदीचं, आणि मजूर तुकड्यांतल्या लोकांना काशाचं. इथेही खोटेपणा चालतो. कड घासून जुनं नाव काढतात आणि दुसरं कोरतात. मग चकती मूळच्या ३६ मिलिमीटरपेक्षा लहान भरते. काकांनी मोजली. पुरी भरली. अक्षरं कोरलेली नव्हती, ठशाची होती, आणि खाचांत शंभर वर्षांचा मळ बसलेला. ताईने भिंगातून एकेक अक्षर लावून वाचलं. आजेसासऱ्यांचं नाव, आणि पुढे '११७ मराठाज'. ही पलटण मेसोपोटेमियात होती, कूतच्या वेढ्यातही होती. एप्रिल १९१६ मध्ये तिथली फौज शरण गेली, तेव्हा तिथे उपासमारीने माणसं हैराण झाली होती. आजोबा त्या वेढ्यात होते की नाही, हे ती चकती सांगत नाही, म्हणून तेही आम्ही कुणी म्हटलं नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच.

भाऊजींनी ते पदक कपाळाला लावलं. त्या दिवशी ते अधिक काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी वाटणीचा कागद नव्याने झाला. दोन गाळे, दोघांना एकेक. ताईने आपला गाळा त्यांनाच भाड्याने दिला. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं आणि लेकीची फी त्यातून जाते. बंदूक कुणाच्याच वाट्याला धरली नाही. भाऊजी ती पोलीस ठाण्यात नेऊन रीतसर दाखवून आले, आणि ती भिंतीवर आहे तिथेच आहे. फक्त तिची गोष्ट आता कुणी सांगत नाही. पदक सासूबाईंनी नातीच्या नावाने ठेवलंय.

तुमच्याही घरात अशी एखादी बंदूक, तलवार किंवा पदक असेल. तेव्हा चार गोष्टी सांगून पुरे करते. बंदूक मुलांच्या हाती देऊ नका आणि स्वतः चाप ओढून पाहू नका. १९५९चा शस्त्र कायदा जुनाट, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा हत्यारांना लागू होत नाही. पण ते हत्यार चालणार नाही हे ठरवणं आपलं काम नव्हे, म्हणून ठाण्यात कळवून ठेवा. दुसरं, घासूनपुसून चकचकीत करायचा मोह आवरा. चिंच, राख, सॅण्डपेपर काही लावू नका. खरंखोटं ओळखायची सारी साधनं त्या मळात आणि गंजात असतात. तिसरं, खऱ्या वस्तू डोळ्यांखालून घाला. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दोन्हीकडे जुनी शस्त्रं मांडलेली आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन जाताच, तर तिथे पाच मिनिटं जास्त थांबा. आणि वाटणीत कुणी वस्तूची किंमत सांगितली, तर ती लेखी मागा. लेखी मिळाली नाही, तर ती किंमत नव्हे.

पाचवी गोष्ट राहिलीच. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, ही वस्तू घरात आली कधी आणि आणली कुणी. ती सांगेल ते एका कागदावर तारखेसकट लिहून ठेवा. हे काम या आठवड्यातच करा. पुढच्या दसऱ्यावर टाकू नका.